गंधक

टार्मोच्या हाती आगपेटी लागू द्यायची नाही,
हा आमच्या घरातला जुना नियम.
आई ती ब्रेडच्या डब्यामागे लपवायची
आणि दर शनिवारी तो ती शोधून काढायचा.
शनिवारी साउना तापवायचा असतो
आणि ते काम आपलं, असं त्यानंच ठरवलेलं.

कुह्मोच्या पुढे, सीमेकडे जाणाऱ्या रस्त्यावर
सहा घरं, एक तळं.
टार्मो उशिरा बोलायला लागला. पण लागला.
दलदलीतलं पिवळं हिल्ला, निळं, काळं,
आणि जीभ आक्रसून टाकणारं ते लाल:
सगळ्या रानफळांची नावं घ्यायचा,
चुकलं की मलाच रागवायचा.
चौदाव्या वर्षानंतर शब्द जाऊ लागले.
क्रौंच जातात तसे थव्यानं नाही.
एकेक. रात्रीतून.
आधी निळं गेलं.

औलूच्या दवाखान्यात डॉक्टर साक्सांनी
बसच्या वेळापत्रकामागे चित्र काढलं.
तीनशे शेहेचाळीस मण्यांची माळ.
ती स्वतःतच घडी घालते, तिची कात्री होते,
पेशीच्या मोरीत तुंबलेलं जुनंपानं कापत बसते.
एकशे त्रेसष्टाव्या जागी सिस्टीन हवं,
ह्याच्याकडे तिथं सेरीन आहे.
दोन्ही मणी जुळे म्हणावेत असे.
फरक एका अणूचा.
गंधकाच्या जागी ऑक्सिजन.

"ऑक्सिजन म्हणजे चांगलाच ना?" बाबांनी विचारलं.
डॉक्टर हसल्या नाहीत.
म्हणाल्या, गंधक सोळा मणी पुढच्या गंधकाचा हात धरतं.
ऑक्सिजनला तो धरता येत नाही.
हात सुटला की घडी बसत नाही,
आणि धार लागायच्या आधीच कात्री अडगळीत.
मोरी मात्र भरत राहते.

कुणी मुद्दाम ध चा मा केला नाही.
खाडाखोड नाही, कुणाची सही नाही.
कधीतरी कुणीतरी जंगल जाळून राय पेरायला
इकडे चालत आलं असेल, अंगात ते एक अक्षर घेऊन,
धडधाकट.
मग पिढ्यान् पिढ्या हिवाळा, बर्फ,
आणि लग्नाला पलीकडच्या काठावरचंच घर.
आईकडे एक प्रत बरोबर, एक चुकलेली.
बाबांकडेही तसंच.
एक बरोबर असली की निभतं.
त्या एकीवर आईनं तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं.
"चारात एक," ती म्हणाली, वर्गातल्या आवाजात.
मग आत गेली.
नळ बराच वेळ चालू होता.

माझ्याकडेही एक चुकलेली आहे.
गेल्या मार्चमध्ये एन्सिओचा रिपोर्ट आला:
त्याच्याकडे नाही.
आम्ही केक आणला. खरंच आणला.
टार्मो माझ्या शेजारी बसला होता,
त्यानं दोन तुकडे मागितले,
बोटं दाखवून.

आता तो चौतीस वर्षांचा आहे.
अकरा शब्द उरलेत; बाबा भिंतीवर लिहून ठेवतात,
खोडत मात्र नाहीत.
आजही शनिवार.
मी आगपेटी उघडीच ठेवली होती, खिडकीत,
आणि त्यानं आधी ब्रेडच्या डब्यामागे हात घातला.

भोजपत्राची साल, वर बारीक ढलप्या, मग ओंडका:
हे त्याचे हात अजून विसरलेले नाहीत.
काडी ओढली.
त्या क्षणभराच्या पिवळ्या वासात
तो डोळे मिटून उभा राहिला, नेहमीसारखा,
आणि मी मोजत होते, नको तेव्हा मोजते तशी,
त्या इवल्याशा टोकावर
किती गंधक असेल.

धूर आत यायला लागला.
धुराड्याची झडप उघडायची राहिली होती.
"काइसू," तो म्हणाला.
बारावा.
भिंतीवर माझं नाव नव्हतं.
मी झडप उघडली.